पुदिना (स्वयंपाकातील वापर)

पुदिना ही लॅमिएसी म्हणजेच तुळशीच्या कुलातील, मेंथा या प्रजातीतील बहुवर्षायू सुगंधी वनस्पती आहे. तिची ताजी पाने चटणी, रायते, ताक, सरबत, चहा, बिर्याणी, पराठे अशा अनेक पदार्थांत वापरली जातात. भारतातील घरगुती स्वयंपाकात वापरला जाणारा पुदिना सामान्यतः मेंथा स्पिकाटा या जातीचा असतो. पुदिन्याचा वास पानांच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथींमध्ये साठलेल्या बाष्पनशील तेलामुळे येतो. हे तेल उष्णतेने लवकर निघून जाते, तसेच चिरलेली किंवा वाटलेली पाने हवेच्या संपर्काने काळवंडतात. त्यामुळे पुदिना पदार्थात किती घातला यापेक्षा तो कोणत्या टप्प्यावर, कोणत्या स्वरूपात आणि कशाच्या जोडीने घातला यावर पदार्थाची चव अधिक अवलंबून असते.

== नाव ==

'पुदिना' हा शब्द फार्सी भाषेतून भारतीय भाषांत आला. मराठी, हिंदी, तमिळ, तेलुगू व कन्नड या भाषांत हेच नाव थोड्याफार उच्चारभेदाने रूढ आहे. गुजरातीत त्याला 'फुदीनो' म्हणतात. मेंथा हे प्रजातीचे लॅटिन नाव ग्रीक शब्दावरून आले असून, मिंथे नावाच्या अप्सरेचे या वनस्पतीत रूपांतर झाल्याची कथा ग्रीक पुराणकथांत आढळते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्ये मेंथा स्पिकाटा या जातीचे शास्त्रीय नामकरण केले. 'स्पिकाटा' म्हणजे कणसासारखा फुलोरा असलेली.

मराठीत 'पुदिना' हे एकच नाव स्वयंपाकातील पाल्यासाठी, तेलासाठी लावल्या जाणाऱ्या पिकासाठी आणि काही वेळा औषधी अर्कासाठीही वापरले जाते. या वस्तूंचे गुणधर्म एकमेकांपेक्षा बरेच वेगळे आहेत.

== प्रमुख जाती ==

* '''स्पिअरमिंट''' (मेंथा स्पिकाटा): स्वयंपाकातील नेहमीचा पुदिना. पाने जवळजवळ बिनदेठाची, सुरकुतलेली व दातेरी कडांची असतात. वास गोडसर असतो. तेलातील मुख्य घटक कार्व्होन हा असून मेंथॉल अत्यल्प असते.
* '''पेपरमिंट''' (मेंथा पायपरिटा): मेंथा ॲक्वाटिका व मेंथा स्पिकाटा यांचा नैसर्गिक संकर. पानांना स्पष्ट देठ असतो आणि खोडावर बहुधा जांभळट झाक असते. मेंथॉल भरपूर असल्यामुळे चव तीव्र व थंडावा देणारी असते. हा संकर वांझ असल्यामुळे त्याची लागवड बियांऐवजी मुनव्यांपासून किंवा खोडाच्या छाटांपासून करतात.
* '''जपानी पुदिना''' (मेंथा अर्व्हेन्सिस गट): मेंथॉल मिळवण्यासाठी लावले जाणारे शेतपीक. उत्तर प्रदेशात, विशेषतः बाराबंकी व आसपासच्या जिल्ह्यांत, ते मोठ्या प्रमाणावर घेतले जाते आणि तेथे ते 'मेंथा' या नावानेच ओळखले जाते. लखनौ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने (सीमॅप) या पिकाचे 'हिमालय', 'कोसी' असे अनेक वाण विकसित केले. या तेलाच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर आहे.

तुळस, सब्जा व पानओवा या वनस्पतीही पुदिन्याच्याच कुलातील आहेत. या कुलातील बहुतेक वनस्पतींप्रमाणे पुदिन्याचे कोवळे खोडही चौकोनी असते.

== वास व चव ==

स्पिअरमिंटचा ओळखीचा वास कार्व्होन या द्रव्याचा असतो. कार्व्होनचे रेणू दोन रूपांत आढळतात. ही रूपे उजव्या व डाव्या हातांप्रमाणे एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे असतात. त्यांपैकी एक रूप पुदिन्यात असते, तर दुसरे शेपूच्या बियांत असते. घटक अणू आणि त्यांची जोडणी सारखीच असूनही दोन्हींचा वास पूर्णपणे वेगळा येतो. रेणूच्या अवकाशीय रचनेवर वास अवलंबून असू शकतो, याचे हे पाठ्यपुस्तकांत नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. या संदर्भातील प्रयोग १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले.

पेपरमिंट व जपानी पुदिन्यातील मेंथॉलमुळे तोंडात थंडावा जाणवतो. प्रत्यक्षात तोंडाचे तापमान त्यामुळे कमी होत नाही. थंडीची जाणीव करून देणाऱ्या चेतातंतूंवरील टीआरपीएम८ हा ग्राही मेंथॉलमुळे उद्दीपित होतो आणि मेंदूकडे थंडीचा संदेश जातो. हा ग्राही २००२ मध्ये ओळखला गेला. तापमान व स्पर्श यांच्या ग्राहींवरील संशोधनासाठी डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्वयंपाकातील पुदिन्यात मेंथॉल फारच कमी असल्यामुळे त्याचा थंडावा सौम्य असतो. पुदिन्याच्या सरबतातून जाणवणाऱ्या गारव्यात बर्फ, आंबटपणा व वास यांचाही वाटा असतो.

=== उष्णतेचा परिणाम ===

कार्व्होन व मेंथॉल यांचे उत्कलनबिंदू पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा बरेच वर आहेत. तरीही पाणी उकळत असताना ही द्रव्ये वाफेबरोबर बाहेर पडतात. वनस्पतींपासून बाष्प-ऊर्ध्वपातनाने सुगंधी तेल काढण्याची रीत याच गुणधर्मावर आधारलेली आहे. उघड्या पातेल्यात पुदिना बराच वेळ उकळला, तर स्वयंपाकघरात वास दरवळतो आणि पदार्थात मात्र हिरवट, कडसर चव उरते. म्हणून पुदिना गरम पदार्थात शेवटी घालतात किंवा घातल्यावर भांडे झाकून ठेवतात. ही सुगंधी द्रव्ये स्निग्ध पदार्थांत चांगली विरघळतात. त्यामुळे तूप, लोणी, सायीचे दही किंवा तेल यांच्या सोबतीने वास अधिक टिकतो.

=== रंगातील बदल ===

पान चिरल्यावर किंवा वाटल्यावर त्यातील पेशी फुटतात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या एंझाइमाची हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने पानातील फिनॉलिक द्रव्यांवर क्रिया होते. यामुळे पुदिन्याची चटणी काळपट पडते. लिंबाच्या रसातील आम्ल व क-जीवनसत्त्व ही क्रिया मंदावतात, तर गारव्यानेही तिचा वेग कमी होतो. मात्र आम्लात फार काळ राहिल्यास हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाऊन रंग शेवाळी होतो. म्हणून लिंबू घातलेली चटणी ताजी असताना हिरवीगार दिसते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिकी होते.

पाने १५ ते २० सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकल्यास एंझाइम निष्क्रिय होते आणि रंग चांगला टिकतो. परंतु या पद्धतीत वासाचा काही भाग जातो. घरी लगेच संपणाऱ्या चटणीसाठी ती सहसा वापरत नाहीत.

== निवड, साफसफाई व साठवण ==

बाजारात पुदिना जुडीने विकला जातो. ताठ देठांची, एकसारख्या हिरव्या पानांची जुडी ताजी समजतात. काळे डाग, चिकटपणा किंवा कुबट वास असलेली जुडी टाळतात. फुलोरा येण्यापूर्वी खुडलेली पाने अधिक सुगंधी व कोवळी असतात. फुलोऱ्यानंतर पाने लहान, जाड व कडसर होत जातात. जाड देठ तुरट व चोथट असल्याने काढून टाकतात. शेंड्याकडील कोवळे देठ चटणीत चालतात.

पुदिना जमिनीलगत वाढत असल्याने पानांवर माती असते. पाने नळाखाली धरून धुण्याऐवजी मोठ्या पातेल्यातील पाण्यात बुडवून हलवतात आणि वरच्यावर उचलून घेतात, म्हणजे माती तळाशी राहते. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत ही कृती पुन्हा करतात.

साठवणीत दोन गोष्टींमुळे पाने खराब होतात. पृष्ठभागावर पाणी साचल्यास ती सडतात आणि हवा कोरडी असल्यास कोमेजतात. त्यामुळे जुडीचा दोरा किंवा रबर सोडून, खराब पाने काढून, उरलेला पुदिना किंचित दमट सुती कापडात किंवा कागदात सैलसर गुंडाळून शीतकपाटात ठेवतात. देठांची टोके छाटून जुडी पाण्याच्या पेल्यात उभी ठेवण्याचीही पद्धत आहे. धुणे वापरण्याच्या वेळी करणे चांगले. जास्त दिवसांसाठी पाने थोड्या पाण्यासह वाटून बर्फाच्या साच्यात गोठवतात. अशा वड्या सरबत, ताक व रश्शासाठी उपयोगी पडतात. सजावटीसाठी मात्र त्यांचा उपयोग होत नाही.

== पदार्थ ==

=== चटण्या ===

केवळ पुदिन्याची चटणी कडसर व उग्र लागते. म्हणून भारताच्या बहुतेक भागांत तिच्यात कोथिंबीर मिसळतात. घरगुती प्रमाण साधारणपणे एक वाटी पुदिन्याची पाने, दोन वाट्या कोथिंबीर, दोन ते तीन हिरव्या मिरच्या, एक इंच आले, अर्धा चमचा जिरे, एका लिंबाचा रस, मीठ व चिमूटभर साखर असे असते. दाटपणासाठी दोन चमचे पंढरपुरी डाळे, शेंगदाणे किंवा शेव घालतात. हे घटक पाणी धरून ठेवतात, त्यामुळे चटणी ब्रेडवर किंवा भेळेत पाझरत नाही.

वाटताना आधी डाळे, मिरची, आले, जिरे व मीठ बारीक करून घेतात. पाने शेवटी घालून थंड पाण्याच्या शिडकाव्यासह थांबत थांबत वाटतात. मिक्सर सलग फिरवल्यास पात्यांच्या घर्षणाने वाटण गरम होते आणि वास व रंग दोन्ही कमी होतात.

मुंबईच्या सँडविचमध्ये ब्रेडला प्रथम लोणी लावून त्यावर हिरवी चटणी पसरतात. लोण्याच्या थरामुळे ब्रेड ओला होत नाही. भेळ, शेवपुरी व रगडा पॅटिस यांत पुदिन्याची तिखट चटणी चिंच-खजुराच्या गोड चटणीच्या जोडीने वापरतात. कबाब व तंदुरी पदार्थांबरोबर दिली जाणारी चटणी दह्यात कालवलेली असते.

तमिळनाडूतील पुदिना तोगयल या चटणीची रीत वेगळी आहे. तीत उडदाची डाळ व सुक्या मिरच्या तेलात परतून, त्याच कढईत पुदिनाही परततात आणि चिंच व खोबऱ्यासह घट्ट वाटतात. परतल्यामुळे ताजा वास कमी होतो, पण कडवटपणाही जातो आणि चटणी कच्च्या चटणीपेक्षा जास्त टिकते. ती भातात तेल किंवा तूप घालून कालवून खातात.

=== पेये ===

पाणीपुरीच्या पाण्यात पुदिना, कोथिंबीर, हिरवी मिरची, आले, चिंच किंवा लिंबू, जिरेपूड व काळे मीठ (पादेलोण) असते. वाटण पाण्यात मिसळून तासभर थंड ठेवल्यास चव मुरते. त्यानंतर ते गाळून घेतात. जलजिरा याच घटकांचे, जिऱ्यावर अधिक भर असलेले पेय आहे.

महाराष्ट्रात मठ्ठा व ताकात आले, मिरची, कोथिंबीर यांच्या सोबत काही घरांत पुदिना चुरडून घालतात. कैरीचे पन्हे महाराष्ट्रात बहुधा गूळ किंवा साखर, वेलदोडा व केशर घालून करतात. उत्तर भारतातील पन्ह्यात मात्र पुदिना, भाजलेले जिरे व काळे मीठ असते.

मुंबई व परिसरातील भाजीबाजारांत गवती चहा व पुदिना बरोबरीने विकले जातात. मुंबईतील पारशी घरांत दुधाच्या चहात ही दोन्ही पाने घालण्याची प्रथा आहे. गवती चहाची पाने चिवट असल्याने ती पाण्याबरोबर उकळतात. पुदिना आच बंद केल्यावर घालून तीन ते पाच मिनिटे झाकून ठेवल्यास त्याचा वास टिकतो.

=== दह्याचे पदार्थ व कोशिंबिरी ===

काकडी, बुंदी किंवा कांद्याच्या रायत्यात पुदिना बारीक चिरून घालतात. धार नसलेल्या सुरीने पाने चिरडली जाऊन लवकर काळी पडतात. म्हणून पाने एकावर एक ठेवून, गुंडाळून, धारदार सुरीने एकदाच चिरतात किंवा हाताने तोडतात. मोड आलेल्या कडधान्यांच्या कोशिंबिरीत व फळांच्या फोडींवरही पुदिना वाढण्याच्या थोडा वेळ आधी घालतात.

=== भात व सामिष पदार्थ ===

हैदराबादी बिर्याणीत पुदिन्याची अख्खी पाने तळलेला कांदा व कोथिंबीर यांच्यासह मांस व भात यांच्या थरांमध्ये पसरतात. नंतर भांड्याचे झाकण कणकेने बंद करून मंद आचेवर दम देतात. वाफ बाहेर जात नसल्याने तिच्याबरोबर निघालेले सुगंधी तेल भात व तुपात परत शोषले जाते. उष्णतेने वास जाण्याची अडचण या पद्धतीत बंद झाकणामुळे दूर होते. कोकणी मुस्लिम समाजाच्या बिर्याणीतही पुदिना वापरला जातो. दक्षिण भारतातील पुदिना भातात वाटलेला पुदिना फोडणीत परतून मोकळ्या भातात मिसळतात.

=== वाळवलेला पुदिना ===

पाने सावलीत, वारा खेळता ठेवून वाळवतात. थेट उन्हात रंग व वास दोन्ही कमी होतात. वाळलेल्या पुदिन्याला ताज्या पानांचा हिरवा ताजेपणा नसतो, त्याचा वास मातकट व खोल असतो. त्यामुळे तो ताज्या पुदिन्याला सर्वत्र पर्याय ठरत नाही. उत्तर भारतातील पुदिना पराठ्यावर व रायत्यात तो चुरडून घालतात. काश्मीरमधील यखनी व गुश्ताबा या दह्याच्या रश्शातील पदार्थांत ताज्याऐवजी वाळवलेलाच पुदिना वापरण्याची परंपरा आहे.

== इतर देशांत ==

मोरोक्को व शेजारच्या देशांत चिनी हिरवा चहा, साखर व मूठभर ताजा स्पिअरमिंट यांचा चहा पाहुणचाराचा भाग समजला जातो. लेबनॉन व सीरियातील तबुले या कोशिंबिरीत पार्सलीबरोबर पुदिना असतो. इराणमध्ये वाळवलेला पुदिना तेलात क्षणभर परतून घट्ट सूपवर ओततात. पुदिना चटकन करपतो, म्हणून भांडे आचेवरून उतरवून तो गरम तेलात घालतात. व्हिएतनाममध्ये सूप व गुंडाळ्यांबरोबर कच्च्या पाल्याची थाळी देतात, तीत पुदिना असतो. ब्रिटनमध्ये चिरलेला पुदिना, व्हिनेगर व साखर यांचे पातळ सॉस भाजलेल्या कोकराच्या मांसाबरोबर खातात.

== घरगुती लागवड ==

बाजारातील ताज्या जुडीतून पुदिना सहज लावता येतो. साधारण १० सेंटिमीटर लांबीचे निरोगी खोड घेऊन खालची पाने काढतात आणि पाण्यात ठेवतात. एक ते दोन आठवड्यांत मुळे फुटतात. पुदिना जमिनीलगतच्या मुनव्यांनी आडवा पसरतो. त्यामुळे त्याला खोल कुंडीपेक्षा रुंद कुंडी मानवते, तसेच तो इतर झाडांपासून वेगळा लावतात. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात दुपारची सावली व ओलसर माती आवश्यक असते. पावसाळ्यात पाण्याचा निचरा न झाल्यास मुळे कुजतात. पानांच्या खालच्या बाजूस नारिंगी-तपकिरी पुटकुळ्या दिसल्यास तो तांबेरा हा बुरशीजन्य रोग असतो. अशा फांद्या कापून टाकतात. शेंडे नियमित खुडल्यास फुलोरा लांबतो व नवी पालवी फुटते.

== पोषण ==

अमेरिकेच्या कृषी विभागाच्या अन्नघटक सारणीनुसार १०० ग्रॅम ताज्या स्पिअरमिंटमध्ये सुमारे ४४ किलोकॅलरी ऊर्जा, २०० मिलिग्रॅम कॅल्शियम, १२ मिलिग्रॅम लोह व १३ मिलिग्रॅम क-जीवनसत्त्व असते. एका व्यक्तीच्या वाट्याला चटणीतून येणारा पुदिना मात्र बहुधा ५ ते १० ग्रॅमच असतो. त्यामुळे आहारातील लोहाची गरज पुदिन्याने भागते असे म्हणता येत नाही.

== सुरक्षितता ==

पुदिना बहुधा कच्चा खाल्ला जातो. दूषित पाण्यावर वाढलेल्या किंवा अशा पाण्याने शिंपडलेल्या पानांवर रोगजंतू असू शकतात आणि धुण्याने ते कमी होतात, पूर्णपणे नष्ट होत नाहीत. चटणी किंवा पाणीपुरीच्या पाण्यातील लिंबू, चिंच व मीठ यांमुळेही ते निर्जंतुक होत नाही. विषमज्वर व काविळीचे काही प्रकार दूषित पाण्यातून पसरतात. म्हणून वाटण्यासाठी व पेयासाठी पिण्यायोग्य पाणीच वापरावे लागते. त्याच पाण्याचा बर्फ असणेही तितकेच आवश्यक असते. कच्ची चटणी शीतकपाटात ठेवून दोन ते तीन दिवसांत संपवतात.

'पुदिन्याचे फूल' या नावाने मिळणारे पांढरे स्फटिक म्हणजे मेंथॉल होय. ते जपानी पुदिन्याच्या तेलापासून मिळते. पुदिन्याचे फूल, ओव्याचे फूल (थायमॉल) व कापूर हे तीन घन पदार्थ एकत्र केल्यास त्यांचे द्रव होते. अमृतधारा या घरगुती औषधाचा आधार हाच आहे. हे स्फटिक व पुदिन्याचे तेल अत्यंत संहत असतात. पाने संपल्यास त्यांऐवजी ते स्वयंपाकात घालणे धोक्याचे असते. लहान बाळांच्या नाकाजवळ मेंथॉल लावल्यास स्वरयंत्राचे आकुंचन होऊन श्वास अडू शकतो. मेंथा पुलेजियम या परदेशी जातीच्या तेलातील पुलेगोन यकृताला विषारी आहे.

पुदिना पचनास मदत करतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. आतड्यांच्या संवेदनशीलतेच्या विकारात (आयबीएस) विशिष्ट आवरणाच्या पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल वापरल्या जातात. तो निष्कर्ष चटणीतील पानांना तसाच लागू होत नाही. छातीत जळजळ होणाऱ्या काही व्यक्तींना पेपरमिंटमुळे त्रास वाढल्याचे जाणवते.

== हे सुद्धा पहा ==

* कोथिंबीर
* तुळस
* गवती चहा
* चटणी
* पाणीपुरी
* बिर्याणी